हेक्स रंगसंकेताचे रंगवस्तूत रूपांतर

हेक्स रंगसंकेताचे रंगवस्तूत रूपांतर ही मोबाइल ॲपच्या आज्ञावलीलेखनातील एक नित्याची क्रिया आहे. तीत षोडशमान अंकांत लिहिलेल्या रंगाच्या मजकुरापासून, उदाहरणार्थ '#एफएफए५००' यापासून, पडद्यावर प्रत्यक्ष रंग भरू शकणारी वस्तू, म्हणजेच ऑब्जेक्ट, तयार केली जाते. रंगसंकेत हा केवळ मजकूर असतो. त्यातील अंक कोणत्या क्रमाने वाचायचे, अपारदर्शकता किती धरायची आणि संख्या कोणत्या रंगावकाशातील मानायच्या, हे त्या मजकुरात लिहिलेले नसते. या गोष्टी रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला ठरवाव्या लागतात आणि अँड्रॉइड, आयओएस व फ्लटर या प्रणाल्यांनी त्या वेगवेगळ्या रीतीने ठरवल्या आहेत. यांतील बऱ्याच चुकांमध्ये ॲप बंद पडत नाही, फक्त रंग चुकतो. त्यामुळे चूक लक्षात यायला वेळ लागतो.

लेखनपद्धती

षोडशमान पद्धतीत ० ते ९ या अंकांनंतर १० ते १५ या किमतींसाठी रोमन लिपीतील पहिली सहा अक्षरे वापरतात. या लेखात ती ए, बी, सी, डी, ई, एफ अशी देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष आज्ञावलीत अक्षरे रोमन आणि अंक आंतरराष्ट्रीय स्वरूपाचेच लिहावे लागतात. याला असलेला एक अपवाद पुढे 'देवनागरी अंक' या विभागात दिला आहे. वाचनाच्या सोयीसाठी काही ठिकाणी संकेतातील जोड्यांमध्ये संयोगचिन्ह दिले आहे. मूळ संकेतात ते नसते.

नागपूर मेट्रोचे उदाहरण

संत्रानगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नागपूर शहरातील मेट्रोच्या दोन्ही मार्गिकांची नावे रंगांवरून ठेवलेली आहेत. उत्तर-दक्षिण जाणारी ऑरेंज मार्गिका ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी अशी आहे, तर पूर्व-पश्चिम जाणारी ॲक्वा मार्गिका प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर अशी आहे. दोन्ही मार्गिका सीताबर्डी स्थानकावर एकमेकींना छेदतात. ऑरेंज मार्गिकेच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ७ मार्च २०१९ रोजी झाले, ॲक्वा मार्गिकेवरील वाहतूक जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी उर्वरित भागांचे लोकार्पण होऊन पहिला टप्पा पूर्ण झाला.

या शहराच्या वाहतुकीचे ॲप लिहिणाऱ्याला नकाशावर दोन रेषा दोन रंगांत काढाव्या लागतात. त्यामुळे हेच उदाहरण या लेखात पुढे चालवले आहे. त्यासाठी वेबच्या सीएसएस भाषेत याच नावांना जे संकेत नेमून दिले आहेत ते घेतले आहेत: ऑरेंजसाठी #एफएफए५०० आणि ॲक्वासाठी #००एफएफएफएफ. या मेट्रोच्या फलकांवरील किंवा डब्यांवरील छटा नव्हेत.

सार्वजनिक वाहतुकीच्या माहितीत असे संकेत कल्पनेपुरते नसतात. जगभरातील वाहतूक संस्था वेळापत्रके ज्या जनरल ट्रान्झिट फीड स्पेसिफिकेशन अर्थात जीटीएफएस या स्वरूपात देतात, त्यात प्रत्येक मार्गासाठी एक रकाना मार्गाच्या रंगाचा आणि एक त्यावरील मजकुराच्या रंगाचा असतो. दोन्हींत सहा षोडशमान अंक लिहितात आणि आरंभीचे हॅश चिन्ह लिहीत नाहीत. रकाना रिकामा असल्यास मार्गाचा रंग पांढरा व मजकुराचा रंग काळा धरला जातो. म्हणजे ॲपकडे रंग येतो तो मजकूर म्हणून, तोही हॅशविना, आणि रेषा काढण्यापूर्वी त्याचे रूपांतर करणे भाग असते.

संकेताची रचना

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन घटकांच्या मिश्रणाने बनतो. प्रत्येक घटकाला एक बाइट, म्हणजे आठ बिट दिल्यास त्याच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या होतात आणि तिन्ही मिळून १,६७,७७,२१६ रंग लिहिता येतात. एका बाइटसाठी षोडशमान पद्धतीत नेमके दोन अंक लागतात, त्यामुळे सहा अंकांत तीन घटक नीट बसतात. दशमान पद्धतीत हा मेळ बसत नाही, म्हणून रंगांसाठी षोडशमान लेखन रूढ झाले. १० ते १५ साठी रोमन अक्षरे वापरण्याची रीत आयबीएमच्या १९६४ मधील सिस्टम/३६० या संगणकमालिकेमुळे सर्वत्र पसरली. वेबवर १९९६ मधील सीएसएसच्या पहिल्या आवृत्तीपासून सहा आणि तीन अंकी संकेत आहेत.

अंकांची किंमत शाळेत शिकवल्या जाणाऱ्या स्थानिक किमतीच्या नियमानेच काढतात, फक्त दहाच्या जागी सोळा घ्यायचे. ऑरेंजच्या एफएफ-ए५-०० या संकेतात एफएफ म्हणजे १५ गुणिले १६ अधिक १५, अर्थात २५५. ए५ म्हणजे १० गुणिले १६ अधिक ५, अर्थात १६५. शेवटची जोडी ०. म्हणून लाल पूर्ण, हिरवा १६५ आणि निळा शून्य. ॲक्वाच्या ००-एफएफ-एफएफ मध्ये लाल शून्य आणि उरलेले दोन्ही पूर्ण आहेत.

तीन अंकी संक्षिप्त संकेतात प्रत्येक अंक दोनदा लिहिला आहे असे समजतात. #एफए० म्हणजे #एफएफएए००. येथे अंकाच्या मागे शून्य जोडण्याची चूक पुष्कळदा होते. तसे केल्यास पांढऱ्याचा #एफएफएफ हा संकेत #एफ०एफ०एफ० असा होऊन पांढऱ्याऐवजी फिकट राखाडी रंग मिळतो. अंकाची दुप्पट नोंद म्हणजे गणिती भाषेत त्याला १७ ने गुणणे. १५ गुणिले १७ बरोबर २५५, म्हणून पूर्ण रंग पूर्णच राहतो.

रूपांतराचे टप्पे

भाषा कोणतीही असली तरी क्रिया सारखीच असते. प्रथम मजकुराच्या मागचे-पुढचे रिकामे अंतर आणि असल्यास हॅश चिन्ह काढतात. मग उरलेल्या अंकांची संख्या तपासतात. तीन, चार, सहा आणि आठ याच संख्या अर्थपूर्ण असतात. नंतर मजकूर सोळाच्या आधारावर पूर्णांकात वाचतात. ऑरेंजचा पूर्णांक १,६७,५३,९२० येतो. या संख्येतील बिट सोळा घरे उजवीकडे सरकवून शेवटचे आठ घेतले की लाल मिळतो, आठ घरे सरकवून हिरवा आणि न सरकवता निळा. द्विमान बिटांशी परिचय नसलेल्याने हेच भागाकाराने करून पाहावे: या संख्येला ६५,५३६ ने भागल्यास भागाकार २५५ व बाकी ४२,२४० उरते, बाकीला २५६ ने भागल्यास १६५ येतात आणि शेष शून्य राहते.

शेवटचा टप्पा घटकांना प्रणालीला हव्या त्या मोजपट्टीवर बसवण्याचा आहे. काही प्रणाल्या ० ते २५५ मागतात, काही ० ते १ मधील अपूर्णांक. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक घटकाला २५५ ने भागतात. हिरव्याचे १६५ तेथे सुमारे ०.६४७ होतात.

या भागाकारात एक जुनी चूक दडलेली आहे. सी किंवा ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत १६५ आणि २५५ हे दोन्ही पूर्णांक ठेवून भागले, तर उत्तर अपूर्णांक न येता शून्य येते. मग ऑरेंज मार्गिका शुद्ध लाल दिसू लागते. भागायचेच विसरले आणि २५५, १६५, ० हे आकडे तसेच दिले, तर एकपेक्षा मोठा प्रत्येक घटक पूर्ण मानला जाऊन पडद्यावर पिवळा उमटतो, संत्र्याचे लिंबू होते. लक्षणीय गोष्ट अशी की ॲक्वा मार्गिका या दोन्ही चुकांत अगदी बरोबर दिसते, कारण तिच्या घटकांत ० आणि २५५ यांखेरीज काही नाही. काळा, पांढरा, शुद्ध लाल हे रंगही असेच चूक झाकतात. म्हणून रूपांतर तपासताना मधल्या किमतींचे आणि तिन्ही घटक भिन्न असलेले संकेत घ्यावे लागतात. त्या दृष्टीने ऑरेंज हा चांगला परीक्षक रंग आहे, ॲक्वा नाही.

अँड्रॉइड

अँड्रॉइडमध्ये रंग हा परंपरेने ३२ बिटांचा एक पूर्णांक असतो. त्यात अपारदर्शकता दाखवणारा अल्फा सर्वांत डावीकडे आणि मग लाल, हिरवा, निळा असा क्रम असतो. अँड्रॉइड ८.० पासून रंगवस्तूंना स्वतंत्र रूप आणि रंगावकाशासह ६४ बिटांची साठवण मिळाली, तरी जुना पूर्णांक सर्वत्र वापरात आहे.

रूपांतरासाठी कलर या वर्गात पार्सकलर हे तयार कार्य आहे. ते हॅशसह सहा किंवा आठ अंक स्वीकारते. सहा असल्यास अल्फा पूर्ण धरते, आठ असल्यास पहिली जोडी अल्फाची मानते. तीन अंकी संकेत मात्र ते नाकारते. एक्सएमएल संसाधन फाइलमध्ये #एफए० चालते आणि तोच मजकूर पार्सकलरला दिला तर चालत नाही, ही विसंगती नवशिक्यांना हमखास गोंधळात टाकते.

मजकुराच्या आरंभी हॅश नसेल तर पार्सकलर त्याला रंगाचे नाव समजते. त्यामुळे जीटीएफएसमधून आलेला 'एफएफए५००' हा मजकूर तसाच दिल्यास असे नाव सापडत नाही आणि अपवाद निर्माण होतो. तो झेलला नाही तर ॲप बंद पडते. माहितीच्या फाइलमधील एका ओळीमुळे सबंध नकाशा उघडू नये असे घडू द्यायचे नसेल, तर हॅश आधी जोडावा आणि संकेत चुकीचा निघाल्यास वापरायचा एक पर्यायी रंग ठरवून ठेवावा.

पार्सकलरला ठाऊक असलेल्या इंग्रजी नावांची यादी लहान आहे. तीत लाल, निळा, हिरवा, काळा, पांढरा, राखाडी अशा मूलभूत नावांबरोबर ॲक्वा, फ्यूशिया, लाइम, मरून, नेव्ही, ऑलिव्ह, पर्पल, सिल्व्हर, टील ही नावे आहेत. ऑरेंज नाही. परिणामी नागपूरची एक मार्गिका नावाने रंगवता येते आणि दुसरी येत नाही. या मागे वेबचा इतिहास आहे. एचटीएमएलच्या मूळ सोळा रंगनामांत ॲक्वा होते, ऑरेंज नव्हते. ते सीएसएस २.१ मध्ये सतरावे नाव म्हणून आले. संस्कृतातील नारङ्ग हा शब्द फारसी-अरबीमार्गे युरोपात जाऊन ज्या रंगाचे नाव झाला, त्याला या यादीत जागा मिळायला बराच काळ लागला.

रूपांतर स्वतः लिहिणाऱ्यांना येथे आणखी एक अडथळा येतो. अपारदर्शक ऑरेंजचा आठ अंकी संकेत एफएफ-एफएफ-ए५-०० हा धन संख्या म्हणून जावा भाषेतील ३२ बिटांच्या पूर्णांकात मावत नाही आणि वाचताना संख्या-स्वरूपाचा अपवाद येतो. म्हणून तो आधी ६४ बिटांच्या लाँग या प्रकारात वाचून मग ३२ बिटांत उतरवतात. उतरवल्यावर तीच संख्या -२३,२९६ अशी ऋण दिसते. नोंदवहीत रंगाच्या जागी ऋण आकडा पाहून चूक झाल्याचे वाटते, परंतु तो योग्यच असतो. सर्वांत डावीकडचा बिट चिन्हासाठी वापरला जात असल्यामुळे अपारदर्शक रंग ऋण दिसतात.

आयओएस

ॲपलच्या यूआयकिट संचातील यूआयकलर या वर्गात हेक्स मजकुरावरून रंग बनवणारा तयार आरंभक नाही. लाल, हिरवा, निळा आणि अल्फा असे चार अपूर्णांक देऊनच रंगवस्तू बनते. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात कोणीतरी हे रूपांतर स्वतः लिहिलेले असते. स्विफ्ट भाषेत त्यासाठी यूआयकलर वर्गाला विस्तार जोडून त्यात मजकूर घेणारा नवा आरंभक लिहिण्याची पद्धत आहे.

असा आरंभक रंग मिळाला नाही तर रिक्त मूल्य परत देणारा असावा. मजकूर वाचता आला नाही तरी संख्या शून्यच धरून पुढे जाणारे जुने नमुने प्रचलित आहेत. त्यांत हॅश काढायचा राहिला तर स्कॅनरला एकही अंक मिळत नाही, संख्या शून्य राहते आणि प्रत्येक रंग काळा होतो. अल्फा येथे वेगळा द्यावाच लागत असल्यामुळे, तो विसरून रंग अदृश्य होण्याचा धोका मात्र आयओएसमध्ये कमी आहे.

फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह

फ्लटरमध्ये रंगवस्तू ३२ बिटांच्या संख्येवरून बनते आणि क्रम अँड्रॉइडप्रमाणेच अल्फापासून सुरू होतो. येथील सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे सहाच अंक देणे. तसे केल्यास डावीकडचे आठ बिट शून्य राहतात, म्हणजे अल्फा शून्य होतो आणि रंग पूर्ण पारदर्शक बनतो. संकेत बरोबर, कंपायलरची तक्रार नाही, आणि रेषा दिसत नाही. अँड्रॉइडच्या जेटपॅक कंपोझ या नव्या संचातही सहा अंकी संख्या थेट दिल्यास हेच घडते. मजकुरावरून वाचताना म्हणून आरंभी 'एफएफ' जोडून मग सोळाच्या आधारावर पूर्णांक काढतात. फ्लटरच्या ३.२७ या आवृत्तीपासून रंगाचे घटक आतून अपूर्णांकांत ठेवले जातात आणि पूर्णांक परत मागण्याची जुनी रीत कालबाह्य ठरवली गेली आहे.

रिॲक्ट नेटिव्हमध्ये संकेत मजकूर म्हणूनच शैलीत लिहितात आणि रूपांतर प्रणाली स्वतः करते. तीन, चार, सहा व आठ अंक चालतात.

अल्फाचा क्रम

आठ अंकी संकेताच्या दोन परस्परविरोधी रीती आहेत. सीएसएस व रिॲक्ट नेटिव्ह अल्फा शेवटी लिहितात. अँड्रॉइड व फ्लटर तो आरंभी मानतात. संकेत पाहून तो कोणत्या रीतीचा आहे हे ओळखता येत नाही, कारण दोन्ही वाचने वैध असतात.

ऑरेंज मार्गिकेचा नियोजित भाग अर्धपारदर्शक दाखवायचा आहे असे समजू. वेबचा सराव असलेला रेखाटनकार #एफएफ-ए५-००-८० असा संकेत देईल. त्यातील ८० म्हणजे १२८, सुमारे निम्मी अपारदर्शकता. हाच मजकूर अँड्रॉइडच्या पार्सकलरला दिला की एफएफ हा अल्फा, ए५ लाल, ०० हिरवा आणि ८० निळा असे वाचले जाते. नकाशावर अर्धपारदर्शक नारिंगीऐवजी ठसठशीत, अपारदर्शक जांभळट रेषा येते. अपवाद नाही, इशारा नाही. वेबच्या रीतीतून अँड्रॉइडच्या रीतीत आणायचे तर शेवटची जोडी उचलून आरंभी ठेवावी लागते: #८०-एफएफ-ए५-००. ज्या संघात एकच संकेत वेबसाइट, अँड्रॉइड आणि आयओएस अशा तिन्ही ठिकाणी जातो, तेथे रंग सहा अंकांत आणि अपारदर्शकता स्वतंत्र संख्येत ठेवणे अधिक सुरक्षित ठरते.

हरवलेली शून्ये

उलट दिशेने, म्हणजे रंगवस्तूवरून मजकूर बनवताना, आरंभीची शून्ये गळतात. ॲक्वाचा अल्फाविना पूर्णांक ६५,५३५ आहे. तो षोडशमानात साधा छापला तर 'एफएफएफएफ' एवढे चारच अंक येतात. हॅश जोडून हा मजकूर वेबदृश्यात गेला की तो चार अंकी संक्षिप्त संकेत ठरतो आणि त्याचा अर्थ अपारदर्शक पांढरा असा होतो. ॲक्वा मार्गिका पांढऱ्या पार्श्वभूमीत विरून जाते. छापताना सहा घरे राखून रिकाम्या जागी शून्य भरण्याची सूचना दिली की हे टळते.

हीच गळती आज्ञावलीबाहेरही होते. जीटीएफएसच्या फाइली स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुराच्या असतात आणि कार्यालयांतून त्या तक्तापत्रक सॉफ्टवेअरमध्ये उघडून सुधारल्या जातात. मजकुराच्या काळ्या रंगाचा ०००००० हा संकेत तेथे संख्या समजला जाऊन नुसता ० उरतो. ज्या संकेतांत अक्षर आहे ते बहुधा सुटतात, मुख्यतः केवळ अंकांचे सापडतात. ॲपने सहापेक्षा कमी अंकांच्या संकेतापुढे शून्ये भरावीत की तो नाकारावा, याबद्दल दोन मते आहेत. मात्र तीन अंकी मजकूर आला तर तो संक्षिप्त संकेत आहे की तीन शून्ये गळलेला पूर्ण संकेत आहे हे ठरवता येत नाही, हे लक्षात घेता नाकारणेच बरे.

देवनागरी अंक

मराठी भाषा निवडलेल्या फोनवर एक वेगळीच अडचण येते. भाषानुसार अंक व दिनांक यांच्या रीती नोंदवणाऱ्या युनिकोड संस्थेच्या सीएलडीआर या संग्रहात मराठीसाठी देवनागरी अंक हे मूळ निवड म्हणून दिलेले आहेत. हिंदीसाठी आंतरराष्ट्रीय अंक आहेत. जावा किंवा कोटलिनमध्ये संख्या दशमान स्वरूपात मजकुरात भरताना भाषा स्पष्ट सांगितली नाही, तर फोनची भाषा धरली जाते. म्हणून वेबदृश्यासाठी 'आरजीबी' आणि कंसात २५५, १६५, ० असे तीन घटक लिहिणारी आज्ञा इंग्रजी वा हिंदी फोनवर बिनचूक चालते आणि मराठी फोनवर तिच्यातून देवनागरी अंक बाहेर पडतात. सीएसएसला ते अंक मान्य नाहीत. नियम दुर्लक्षिला जातो आणि मार्गिका रंगहीन राहते.

चाचणी इंग्रजी फोनवर होत असल्यास हा दोष विकसकाला कधीच दिसत नाही. तो मराठीत फोन वापरणाऱ्यालाच दिसतो. यंत्राने वाचायच्या मजकुरासाठी भाषानिरपेक्ष 'रूट' लोकॅल स्पष्टपणे देणे हा त्यावरील उपाय आहे. षोडशमान छपाईला मात्र जावाच्या नियमानुसार भाषांतरित अंक लागू होत नाहीत, त्यामुळे त्याच फोनवर हेक्स संकेत शाबूत राहतो. दशमान घटकांपेक्षा हेक्स मजकूर पाठवणे बरे, याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

वाचनाच्या दिशेने परिस्थिती उलटी आहे. जावामध्ये अंक ओळखण्याचा नियम युनिकोडमधील सर्व दशमान अंकांना लागू होतो, त्यामुळे मराठी कळफलकावरून टाकलेला '#१३८८०८' हा संकेत अँड्रॉइड समजून घेते. स्विफ्ट आणि डार्ट या भाषांचे पूर्णांक वाचणारे कार्य तो नाकारते. रंग निवडण्याची सोय वापरकर्त्याला देणाऱ्या ॲपने म्हणून देवनागरी अंक आधी आंतरराष्ट्रीय अंकांत बदलून घ्यावेत. वापरकर्त्याने आपल्या लिपीत अंक लिहिले यात चूक काहीच नाही.

रंगनामे आणि छटा

नाव सारखे असले तरी छटा सारखी असेलच असे नाही. ऑरेंज म्हणजे सीएसएसमध्ये २५५, १६५, ०. यूआयकलरमधील ऑरेंज १.०, ०.५, ० असा आहे, म्हणजे हिरवा सुमारे १२८ आणि रंग अधिक लालसर. फ्लटरमधील ऑरेंज गूगलच्या मटेरियल रंगसंचातून आलेला #एफएफ९८०० आहे, त्यात हिरवा १५२. एकाच ॲपच्या तीन आवृत्त्यांत प्रत्येकाने आपापल्या प्रणालीतील नाव वापरले, तर एकाच मार्गिकेचे तीन नारिंगी होतील. ॲक्वा हे नाव अँड्रॉइडमध्ये आहे. यूआयकलरमध्ये तोच रंग सायन या नावाने मिळतो. फ्लटरच्या मटेरियल संचातील सायन मात्र #००बीसीडी४, म्हणजे बराच गडद आहे. हेक्स संकेताचे महत्त्व येथे दिसते: तो नावाप्रमाणे प्रणालीगणिक बदलत नाही.

तरीही संकेतातील संख्यांना अर्थ येतो तो रंगावकाशामुळे. उल्लेख नसेल तेव्हा एसआरजीबी हा अवकाश गृहीत धरतात. ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये तो मांडला व १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने तो मानक म्हणून स्वीकारला. अधिक विस्तृत डिस्प्ले पी३ अवकाशात त्याच संख्या दिल्यास रंग अधिक भडक दिसतो. एसआरजीबीतील संख्या प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे. हिरव्याचे १६५ हे २५५ च्या सुमारे ६५ टक्के असले, तरी पडद्यातून निघणारा हिरवा प्रकाश पूर्ण प्रकाशाच्या सुमारे ३८ टक्केच असतो.

मजकुराचा रंग

मार्गिकेच्या रंगाच्या पट्टीवर स्थानकाचे नाव लिहायचे तर ते वाचता आले पाहिजे. वेबवरील सुगमतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सर्वसाधारण आकाराच्या मजकुरात व पार्श्वभूमीत किमान ४.५ : १ एवढे तेजस्वितेचे गुणोत्तर हवे. वरच्या संकेतांवरून हिशेब केल्यास ऑरेंजवर पांढऱ्या अक्षरांचे गुणोत्तर सुमारे १.९७ येते आणि ॲक्वावर अवघे १.२५. काळ्या अक्षरांचे अनुक्रमे सुमारे १०.६ आणि १६.७ येते. रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरे ही सवयीची निवड असली तरी या दोन्ही पट्ट्यांवर ती उन्हात उभ्या असलेल्या प्रवाशाला वाचता येणार नाहीत. विदर्भातील उन्हाळ्यात तर नाहीच.

मार्गाच्या रंगावरून मजकुराचा रंग आपोआप निवडणारे कार्य लिहिताना तिन्ही घटकांची साधी सरासरी काढू नये. डोळ्याला हिरवा प्रकाश निळ्यापेक्षा बराच उजळ वाटतो, म्हणून तेजस्वितेत हिरव्याला सुमारे ७१.५, लालला २१.३ आणि निळ्याला ७.२ टक्के भार देतात, तोही घटक प्रकाशाच्या सरळ प्रमाणात आणल्यानंतर. जीटीएफएसमध्ये मजकुराच्या रंगाचा वेगळा रकाना असल्याने तो भरलेला असेल तर तोच वापरावा, परंतु तेथेही गुणोत्तर तपासून घेणे योग्य. शिवाय रंगांधळेपणा असलेल्या प्रवाशांसाठी रंगाबरोबर मार्गिकेचे नाव लिहिणे आवश्यक असते.

रूपांतर ही क्रिया स्वस्त असली तरी ती नकाशाच्या प्रत्येक पुनर्रेखाटनात करण्याचे कारण नाही. सूची सरकवताना सेकंदाला ६० वेळा तोच मजकूर वाचण्यापेक्षा माहिती उतरवतानाच प्रत्येक मार्गाची रंगवस्तू एकदा बनवून साठवतात. संकेत तपासण्याची आणि चुकीच्या ओळींची नोंद घेण्याची जागाही तीच असते.